‘क्लीन’ करून घेऊ नका: ८४ जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेतल्याचा अनुभव

आधी हिशेब सांगते. कॅसेटी ८४. त्यातल्या ६१ नव्वद मिनिटांच्या आणि २३ साठ मिनिटांच्या. नव्वदवालीला २४० रुपये, साठवालीला १८०. म्हणजे कॅसेटमधलं नुसतं फाइलमध्ये आणायचे झाले १८,७८० रुपये. पहिल्या २० कॅसेटी मी हौसेने ‘क्लीन’ करून घेतल्या, त्याचे कॅसेटमागे १०० जास्त. शिवाय दहा तासांच्या बोलण्याचं टाइप केलेलं लिखाण, तासाला ९००. एकूण २९,७८०. पेन्शनीत हे पैसे जाणवतात. तुमच्याही माळ्यावर अशा कॅसेटी पडून असतील तर यातले दोन हजार रुपये आणि बराच मनस्ताप वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दोन माणसांचा धंदा आहे, मालक आणि हाताखाली एक पोरगा. माझ्या तक्रारी मी मालकाला समोर बसून सांगितल्या आणि त्याने वही काढून त्या लिहून घेतल्या. तेवढ्यावर तो विषय आमच्यापुरता मिटला. शिवाय मी ज्याला नावं ठेवणार आहे ते ‘पॅकेज’ हल्ली सगळेच विकतात.

कॅसेटींत गाणी नाहीत. १९८८ ते १९९६ या काळात लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड, शिवडी इथल्या चाळींतून फिरून मी बायकांच्या मुलाखती टेप केल्या. काही स्वतः गिरणीत राबलेल्या, काही गिरणीवाल्यांना जेवू घालणाऱ्या. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पीएच.डी. केली, थोडंफार छापून आलं, पण माझ्या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे पत्र्याची एक ट्रंक आणि तिच्यातल्या या ८४ डब्या.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी एम.ए. करत होते. अडीच लाख कामगार बाहेर, आमच्या चाळीतले निम्मे पुरुष दिवसा घरी, आणि बायका मात्र आधीपेक्षा जास्त कामाला जुंपलेल्या. कोणी पापड लाटतंय, कोणी चार घरची धुणी धरलीयत. वर्तमानपत्रांत संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, मालक आणि सरकार. माझ्या डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते छापून येतच नव्हतं. तिथून विषय सुचला. मार्गदर्शक सरांना ‘गिरण्यांतल्या स्त्रिया’ म्हटल्यावर ते म्हणाले, “विषय चांगलाय, पण बायकांचे कागद कुठेत?”

प्रश्न रास्त होता. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे पुराभिलेखागार आहे तिथे मी दोन वर्षं धूळ खाल्ली. सरकारी लेबर गॅझेट १९२१ पासूनचं मिळतं. त्यात तक्ते आहेत, तक्त्यात पुरुष, स्त्रिया, मुलं असे रकाने आहेत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात. मी टेपरेकॉर्डर घेऊन फिरायला लागले तोवर शंभरात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. रात्रपाळीला बंदी, एकीकडून दोघींचं काम करून घेण्याची नवी पद्धत, नवी यंत्रं, बाळंतपणाचा खर्च, ही कारणं कागदात सापडतात. १९२९ चा मुंबई प्रांताचा बाळंतपण लाभ कायदा हा देशातला पहिला, आणि त्या विधेयकाच्या बाजूने जुलै १९२८ मध्ये डॉ. आंबेडकर कायदेमंडळात बोलले, हेही छापील आहे. पण कायदा झाल्यावर पोट दिसायच्या आत कामावरून काढलं जाऊ नये म्हणून नऊवारीचा काष्टा कसा सैल नेसायचा, नायकिणीच्या, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीच्या, नजरेला कोणत्या बाजूने पडायचं नाही, हे कुठल्या गॅझेटात असणार? ते आहे कॅसेट क्रमांक १७, बाजू ब. सांगणारी बाई आपल्या आईचं सांगत होती आणि सांगता सांगता उठून तिने मला नेसून दाखवलं. टेपवर अर्थात फक्त लुगड्याची सळसळ आहे.

ही सळसळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता दुकानाच्या कामाबद्दल. कॅसेटचा मूळ आवाज फाइलमध्ये उतरवणं, ज्याला ते ‘रॉ’ म्हणतात, त्यात हा माणूस उस्ताद आहे. मला वाटायचं वायर जोडली, बटण दाबलं, झालं. तसं नसतं. पहिल्या दिवशी त्याने माझ्यासमोर एक कॅसेट घेतली, उलटी केली आणि पाठीवरची प्लॅस्टिकची दोन बारीक पानं मोडली आहेत का ते बघितलं. मोडलेली असली की चुकून वर काही टेप होत नाही. माझ्या ८३ कॅसेटींची मोडलेली होती. एकीची नव्हती, आणि तिच्यावर सात मिनिटं क्रिकेटची कॉमेंट्री आहे, हे मला तिथेच कळलं. भाच्याला फोन करून झाडलं. तो आता पंचेचाळीस वर्षांचा आहे.

मग त्याने छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने डेकच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू किंचित फिरवला. म्हणाला, “मॅडम, प्रत्येक टेपरेकॉर्डरचं हेड थोडं तिरकं असतं. तुमचं ज्या तिरकेपणाने टेप करत होतं त्याच तिरकेपणाने मला ऐकायला पाहिजे.” तो फिरवत गेला आणि घोंगडीखालून आल्यासारखा आवाज हळूहळू वर आला. ‘स’ आणि ‘श’ वेगळे झाले. पस्तीस वर्षांत मी त्या बाईचा ‘श’ ऐकला नव्हता. हे तो प्रत्येक कॅसेटला करतो, कानाने.

सहा कॅसेटींना बुरशी होती. मुंबईचे इतके पावसाळे खाल्ल्यावर दुसरं काय होणार! दोन कॅसेटींत टेपला हेडशी दाबून धरणारा नमद्याचा चिमुकला तुकडा गळून पडला होता, तो त्याने कोऱ्या कॅसेटीतला काढून बसवला. एकीची टेप तुटलेली होती आणि तिचं कवच स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं होतं. ते त्याने पातीने उकललं, टेप जोडली आणि दोन्ही चकत्या स्क्रूच्या कवचात घातल्या. या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, “कॅसेट वाजली नाही तर २४० कशाचे घेऊ?”

एका कॅसेटीत सगळ्या बायका चिमणीसारख्या बोलत होत्या. मला वाटलं टेप बिघडली. टेप करताना माझ्या यंत्राचे सेल उतरले होते, त्यामुळे ते हळू फिरलं होतं आणि आता ठीक वेगाने वाजवल्यावर बोलणं धावत होतं. त्याने दुसऱ्या कॅसेटीतला माझा आवाज मापाला घेतला आणि वेग तेवढा खाली आणला. ही युक्ती मला फार आवडली. इतरांच्या मुलाखतींत माझा आवाज जास्तच आहे म्हणून परीक्षकांनी मला एकदा टोकलं होतं, तोच कामाला आला.

फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या, डब्ल्यूएव्ही. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांची जागतिक संघटनाही निदान एवढं घ्याच म्हणते. एमपीथ्रीवर भागवू नका, ती ऐकायला वेगळी मागून घ्या. बोलणं असल्याने मोनो पुरतं. माझे साडेचौदा वर शंभर तास साठ जीबीच्या आत बसले. फाइलींना नावं कॅसेटच्या लेबलावरूनच दिली, तारखेसकट, आणि लेबलाचे फोटोही सोबत. या सगळ्याला पाचपैकी पाच.

इथेच थांबले असते तर हा लेख इतक्यात संपला असता.

मालकाने पॅकेज दाखवलं: ‘क्लीन’. मागचा गोंगाट जाणार, खरखर जाणार, लांबलांब गॅप कापले जाणार, बोलणं स्वच्छ येणार. नमुन्याला दोन मिनिटं ऐकवली आणि खरंच काचेसारखं वाटलं. मी २० कॅसेटींना हो म्हटलं. आठवड्याने फाइली आल्या. नव्वद मिनिटांची एक कॅसेट एकाहत्तर मिनिटांची झाली होती.

कॅसेट क्रमांक ९ मी कितीतरी वर्ग घेताना मुलांना ऐकवलेली आहे. साताऱ्याकडची बाई, तीस वर्षं वाइंडिंगमध्ये. मी, सव्वीस वर्षांची शहाणी, तिला विचारते, “जाबर त्रास द्यायचा का बायकांना?” जाबर म्हणजे जॉबर, कामावर घेणारा आणि काढणारा. मग टेपवर काही नाही. नळाखाली कोणाची तरी बादली भरते, तिचा आवाज बारीक होत जातो, बादली उचलली जाते. खाली पोरं ओरडतात. बेचाळीस सेकंद. मग ती म्हणते, “च्या घेतीस का?”

क्लीन फाइलीत असं आहे:

“जाबर त्रास द्यायचा का बायकांना?”

“च्या घेतीस का?”

म्हणजे विचारलेलं ऐकूच गेलं नसावं अशी एक अगत्यशील बाई. बेचाळीस सेकंद सॉफ्टवेअरला ‘गॅप’ वाटले. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या बेचाळीस सेकंदांवर उभं आहे. मी तेव्हा पुढचा प्रश्न विचारला नाही, चहा घेतला, आणि तीन महिन्यांनी ती आपणहून बोलली, यंत्र बंद करायला सांगून.

दुसरी, कॅसेट क्रमांक १३. काळाचौकी, १९९१. ही बाई गिरणीत नव्हती, खानावळवाली होती. गावाकडून एकटे आलेले गिरणीवाले गाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहायचे आणि अशा बायकांकडे महिन्यावर जेवायचे. अख्खं गिरणगाव या बायकांच्या चुलींवर चालत होतं, पण कामगारांच्या कुठल्याच तक्त्यात त्या नाहीत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच. तर ही बाई सकाळपाळीच्या डब्यांच्या भाकऱ्या करत होती आणि मी बाजूला बसून यंत्र धरलं होतं. नवरा साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, मालवणकडचा, लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचा, जुना माणूस, खाटेवर. मी तिला विचारलं, “तुम्ही काय काम करता?” उत्तर खाटेवरून आलं: “ती कसला काम करतली? घराकच असता.”

तो हे म्हणतो तेव्हा मागे थप, थप, थप चालू आहे. एकही ठोका चुकत नाही. त्याचं वाक्य संपतं आणि भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज येतो.

हा तुकडा ऐकवला की वर्ग हसायचा. मग हळूहळू हसू थांबायचं. बाईच्या कामाला काम न म्हणणं म्हणजे काय, यावर मी तासभर बोलले असते तरी तेवढं पोचलं नसतं.

क्लीन फाइलीत थपथप नाही. ती गोंगाट होती, गेली. आता नवरा स्वच्छ, खणखणीत सांगतो की ती काही काम करत नाही, आणि त्याच्यामागे पूर्ण शांतता आहे. म्हणजे फाइल त्याच्या बाजूने साक्ष देते! मी हेडफोन काढून ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली.

मालकाला दोन्ही फाइली एकापाठोपाठ ऐकवल्या. त्याने समजावलं की हे सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं ओळखायला शिकवलेलं असतं, बाकी जे काही ते काढायचं. लुगड्याची सळसळ, बांगड्या, भोंगा, भाकरी, सगळं एका पोत्यात. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “आई पण अशीच थापायची.” मग २० कॅसेटींचे रॉ त्याने फुकट दिले. मूळ फाइली त्याने टाकल्या नव्हत्या, हे त्याचं शहाणपण. दोन हजार मात्र परत केले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. सांगितलेलं काम त्याने केलंच होतं, मलाच मागायची अक्कल नव्हती.

‘क्लीन’ला पाचपैकी एक. लग्नाच्या भाषणांना चालेल.

तिसरा भाग, टाइप करून देण्याचा. हे आधी यंत्र करतं, मग एक टायपिस्ट बाई तपासते असं सांगितलं होतं. यंत्राची मराठी पुस्तकी आहे, त्याला सातारी कळत नाही आणि मालवणी तर नाहीच. ‘लाल बावटा’ तीन ठिकाणी ‘लाल बटाटा’ झालाय. ‘नायकीण’चं ‘नाही कोण’ झालं. ‘जाबर मारायचा’ याचं ‘जबर मारायचा’ झालं, हे मात्र फारसं चुकलं नाही म्हणायचं. सोबत विषयांची आपोआप सूची मिळते. तिच्यात ‘पाळी’ हा शब्द जिथे जिथे आला, पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, ते सगळे उतारे ‘स्त्रियांचे आरोग्य’ या मथळ्याखाली. ‘बदली’ गेली सरकारी नोकरीत. गिरणीतली बदली म्हणजे रोज सकाळी कार्ड घेऊन दारात उभं राहायचं, कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरी. हे त्या यंत्राला कोण सांगणार! मी तासभर चिडले आणि मग एकटीच हसत बसले.

चिडण्यासारखं खरं दुसरंच होतं. यंत्र बोलणाऱ्यांना क्रमांक देतं. मुलाखत जिची, ती बहुतेक ठिकाणी ‘वक्ता २’ किंवा ‘वक्ता ३’. ‘वक्ता १’ नवरा, दीर, मुलगा, शेजारचे युनियनवाले काका, म्हणजे खोलीत जो मोठ्याने बोलला तो. यंत्राचा यात काय दोष? खोलीत होतं तसंच त्याने उतरवलं. पण त्या लिखाणावरून कोणी उद्या काम केलं तर त्याला त्या मुलाखती पुरुषांच्याच वाटतील. उषाताई डांगे यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘पण ऐकतं कोण?’ असं नाव दिलं होतं. २० मार्च १९२९ ला कम्युनिस्टांवरच्या मीरत कट खटल्यासाठी गिरणी कामगार युनियनचे पुढारी धरून नेले, तेव्हा बाहेर उरलेल्यांनी गाडा ओढला, त्यांतल्या त्या. ज्यांनी भाषणं केली, तुरुंग पाहिला, त्यांची ही गत. माझ्या खानावळवालीला यंत्राने तिसरा नंबर दिला यात नवल नाही.

टायपिस्ट बाईंनी मात्र जे केलं ते यंत्रापेक्षा अवघड प्रकरण. त्या मन लावून काम करतात, अक्षरन् अक्षर तपासतात, आणि म्हणूनच त्यांनी चुका दुरुस्त केल्या. माझ्याही नव्हेत, बोलणाऱ्या बाईच्या! कॅसेट क्रमांक ५ मधली आजी सांगते की सामंतांचा संप इंदिराबाई गेल्या त्या वर्षी झाला. इंदिराबाई गेल्या १९८४ ला. टायपिस्ट बाईंनी तिथे ‘१९८२’ घातलं आणि इंदिराबाईंना वगळलं. इतिहास बरोबर झाला आणि आजी गेली.

मला ती चूकच हवी होती. ऐंशी टक्के वेळ मी मुलांना हेच शिकवत आले. इटलीत तेर्नी नावाच्या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडला. पण गावातले बरेच कामगार ठासून सांगायचे की तो १९५३ मध्ये, कारखान्यातून माणसं काढली तेव्हाच्या दंगलीत मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने त्या चुकीला चूक म्हणून सोडलं नाही. इतका मोठा मृत्यू त्यांना आपल्या सर्वांत मोठ्या घावाशेजारी ठेवायचा होता, म्हणून तो चार वर्षं सरकला, असं त्याने दाखवलं. आमच्या आजीचंही तेच. संप १९८२ ला सुरू झाला, रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. तिच्या नवऱ्याने गिरणीकडे जाऊन कार्ड परत मिळायची आशा सोडली आणि ट्रंक बांधून गावी गेला तो १९८४ मध्ये. तिच्या लेखी संप तेव्हा ‘झाला’. हे मी टायपिस्ट बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, पण लोक वाचतील तेव्हा चूक दिसेल ना?” दिसू दे, म्हटलं. कंसात काही घालायचं असेल तर मी घालीन.

त्यांनी पुढचे चार तास जसंच्या तसं टाइप केलं. ‘वळखलं नाय’ला ‘ओळखलं नाही’ केलं नाही. त्या चार तासांना मी चार गुण देते, आधीच्या सहांना दोन.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी आधी विचारून घ्या. यंत्राकडून टाइप करून घ्यायचं म्हणजे आवाज बाहेरच्या कुठल्यातरी वेबसाइटवर चढवायचा. हे मला सहा तास झाल्यावर, सहज बोलता बोलता कळलं. माझ्या मुलाखतींत बायकांनी माणसांची नावं घेतली आहेत: कोणी पैसे खाऊन बदलीचं कार्ड दिलं, कोणी संप फोडला, भाजीच्या पिशवीत पत्रकं घालून कोणी कुठल्या चाळीत पोचवली. कित्येकींनी सांगितलं होतं, “माझं नाव घालू नको गं.” मी ते वहीत लिहून ठेवलं, प्रबंधात सगळ्यांची नावं बदलली, आणि आता आवाजासकट सगळं परक्या संगणकावर. मालकाला यात काही वावगं वाटलं नव्हतं, लग्न-मुंजीच्या कॅसेटी करणाऱ्याला कसं वाटेल? त्याने तिथल्या फाइली माझ्यासमोर काढून टाकल्या. खरंच गेल्या का, हे त्यालाही सांगता येणार नाही आणि मलाही. उरलेले चार तास टायपिस्ट बाईंनी थेट कानाने ऐकून केले, त्याच दरात.

जाता जाता: २०१० मध्ये युजीसीने प्राध्यापकांना गुण मोजायची पद्धत आणली, तेव्हा आमच्याकडे तक्ता भरून द्यायचा होता. परिसंवादाला गुण होते, शोधनिबंधाला होते. मुलाखतींच्या ८४ कॅसेटींना रकानाच नव्हता. कार्यालयातला क्लार्क सहानुभूतीने म्हणाला, “बाई, ‘इतर’मध्ये टाकू का?” मी टाकू दिलं. शून्यच मिळाले. ज्या बायकांना लेबर गॅझेटने निदान एक रकाना तरी दिला होता, त्यांच्या आवाजाला तोही मिळाला नाही.

तर, जाणार असाल तर. कॅसेटी स्वतः नेऊन द्या, कुरिअरने नको. पावतीवर ‘फक्त रॉ, काहीही कापू नये’ असं लिहून घ्या. कॅसेट जेवढ्या मिनिटांची तेवढाच वेळ उतरवायला लागतो, घाई करणाऱ्याकडे देऊ नका. मला ८४ कॅसेटींना सात आठवडे लागले आणि ते रास्त आहे. एका वेळी दहाच द्या, त्या हातात आल्या की पुढच्या. आणि टाइप करून घ्यायचंच असेल तर यंत्र नको म्हणा, बाई मागा, आणि त्यांच्याशी आधी अर्धा तास चहा प्या.

माझ्याकडे अजून नऊ मायक्रोकॅसेटी आहेत, १९९७ नंतरच्या, ऑफिसात असायच्या तसल्या इवल्याशा. त्या वाजवायला मालकाकडे यंत्र नव्हतं. कोणाकडे तरी एक जुनं मिळतंय, रबरी पट्टा सैल झालाय, बदलावा लागेल म्हणाला. मिळालं की फोन करतो म्हणालाय. शेवटी म्हणाला, “मॅडम, क्लीन नाही ना करायच्या?”